बसवताना सुटलेले सांधे

१२ जानेवारी

प्रिय मुंगी,

काल मॅनेजरसाहेबांनी मला वरच्या मजल्यावर बोलावलं. एकतीस वर्षांत त्या जिन्याने मी चार-पाचदाच वर गेलो असेन, आणि दर वेळी खाली येताना तोंड एवढंसं झालेलं. म्हणून चष्मा पुसत, सावकाश गेलो. तर टेबलावर तुझा अहवाल! वर तुझं नाव, खाली तुमच्या प्रयोगशाळेचा शिक्का. "ही तुमच्या बहिणीची मुलगी ना?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, आमच्याच घरात वाढली. माझ्या तपासणी खोलीतल्या कपट्यांशी खेळत वाढली." तुझी आई असती तर तिला लगेच सांगायला गेलो असतो. आता मामीला सांगितलं.

साहेबांचा बेत असा आहे. पोत्यांच्या कागदासाठी आपण जो लगदा करतो, त्यात रद्दीचं प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवायचं, आणि लगदा कुटणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद ठेवायचं. वीज वाचेल. कागदाचा जोर त्यामुळे किती उतरेल हे तुझं गणित आधीच सांगतं म्हणे. तसं झालं तर तपासणी खोलीचा प्रमुख म्हणून हुकमावर माझी सही लागेल.

मला तुझ्या अहवालाचं पहिलं पान कळलं आणि शेवटचं कळलं. मधली चौतीस पानं मामीने चाळली आणि म्हणाली, "सगळीकडे सांधे सांधे लिहिलंय, म्हणजे माझ्या गुडघ्यांचंही काहीतरी असेलच." तेव्हा आम्हा दोघांना कळेल असं लिही बाई. तू तिथे दिवसभर नेमकं करतेस काय?

ऑक्टोबरात निवृत्त होतोय. त्याआधी असं काही बघायला मिळालं, बरं वाटलं.

तुझा मामा


२५ जानेवारी

प्रिय मामा,

मामीला सांगा, तिचे गुडघे माझ्या यंत्रात मावणार नाहीत. मी ज्या सांध्यांशी खेळते ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

मी काय करते ते सांगते. लगद्यातला एक तंतू घ्यायचा. केसापेक्षा बारीक, दोन-तीन मिलिमीटर लांब. त्यावर दुसरा तंतू आडवा ठेवायचा, फुलीसारखा. दोघे ओले असतानाच दाबून वाळवायचे. वाळताना ते एकमेकांना धरतात, मधे गोंद नाही, काही नाही. आख्खा कागद असल्याच लाखो फुल्यांचा असतो. मग ही एक फुली चिमट्याने उचलून प्लॅस्टिकच्या इवल्याशा चौकटीवर बसवायची, टोकं डिंकाच्या थेंबाने पक्की करायची आणि एक तंतू हळूहळू ओढायचा. सांधा सुटला की यंत्र जोर सांगतं. किती असतो माहितीये? दहा-बारा गव्हाच्या दाण्यांच्या वजनाइतका. हे करताना खिडकी बंद, पंखा बंद, आणि श्वाससुद्धा तोंड वळवून सोडायचा. आठ महिन्यांत एकशे नव्वद सांधे तयार केले. त्यातले एकशे दोन मोजले गेले. बाकीचे बसवतानाच सुटले.

पुढचं काम संगणकाचं. त्यात मी हजारो तंतू आडवेतिडवे टाकते आणि जिथे दोन तंतू भेटतात तिथे एक सांधा देते. त्या सांध्याचा जोर म्हणून मी मोजलेल्यांपैकी एक आकडा उचलते. मग तो मनातला कागद ओढायचा आणि कुठे फाटतो ते बघायचं. तुमच्या साहेबांच्या बेतासाठी मी मुद्दाम चालवून पाहिलं. चाळीस टक्के रद्दी, एक यंत्र बंद: जोर सहा टक्क्यांनी कमी. फक्त सहा!

आमच्या प्रयोगशाळेचे सर खूश आहेत. मार्चमध्ये मला मोठ्या सभेत हे मांडायचं आहे. मामा, तुमच्या मिलमध्ये माझं गणित खरं ठरलं तर त्याहून मोठं मला काही नको.

तुमची मुंगी


९ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

छान लिहिलंस. मामीने दोनदा वाचून घेतलं. गव्हाच्या दाण्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, "एवढ्याशा जोरावर सिमेंटची पोती उचलतात माणसं?" मी म्हटलं, लाखो असतात ना.

आता माझी एक शंका. म्हाताऱ्याची आहे, हसू नकोस. एकशे नव्वदातून एकशे दोन गेले, राहिले अठ्ठ्याऐंशी. ते तुझ्या गणितात कुठे बसतात? तुझ्या चिमट्यात सुटले म्हणजे ते कच्चे होते, असं नाही का? कच्चे सगळे बाहेर काढले आणि उरलेल्यांचीच सरासरी घेतली, तर ती चांगली येणारच. माझ्या खोलीत मी कागदाच्या पट्ट्या कापून ओढतो. पट्टी कापतानाच फाटली तर मी वहीत तिच्यापुढे शून्य मांडतो. मी तपासणी हातात घेतली तेव्हा ही रीत पाडली. तेव्हाचे साहेब चिडले होते, शून्यांमुळे सरासरी बिघडते म्हणून. मी म्हटलं, बिघडू दे, पट्टी फाटली हे तर खरं आहे.

आणि रद्दीचा तंतू एकदा वाळून बसलेला असतो. पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा मऊ पडत नाही, दुसऱ्याला नीट चिकटत नाही. हे तुला मी सांगायला नको.

साहेब सहीसाठी रोज निरोप धाडतात. मी मुंगीला विचारून करतो, असं सांगून ठेवलंय. तू म्हणशील तर सही करतो.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

घाईत लिहितेय, राग मानू नका. सभा दोन आठवड्यांवर आली आहे आणि सरांना चित्रं उद्या हवी आहेत.

सुटलेल्या सांध्यांचं म्हणाल, तर ती हाताळण्यातली चूक आहे. कधी हात थरथरतो, कधी डिंक जास्त होतो, कधी हवा कोरडी असते. त्याचा सांध्याच्या जोराशी संबंध नाही. सगळ्या प्रयोगशाळा असेच सांधे सोडून देतात. पट्टी आणि एकेक तंतू यांत फरक आहे, मामा. तुमची वही तुमच्या जागी बरोबर आहे, माझी माझ्या जागी.

लहानपणी मी गणित सोडवून आणलं की तुम्ही पहिला प्रश्न विचारायचात, "पुन्हा तपासलंस का?" तपासलंय. सही करा.

मुंगी


१८ मार्च

प्रिय मुंगी,

सही केली. एक तारखेपासून एक यंत्र बंद आहे आणि रद्दीची गाडी रोज येते.

माझ्याकडची सरासरी तुझ्या गणिताच्या जवळपास आहे, सात-आठ टक्के कमी. साहेबांनी पाठ थोपटली. फक्त कागद बनवणाऱ्या यंत्रावर तो तुटतो फार. पूर्वी एका पाळीत दोनदा तुटायचा, आता सहा-सात वेळा. ते यंत्र चालवणाऱ्या आमच्या मिस्त्रीची त्रेधा उडते. कागद तुटला की शेपूट ओवणं आलं. तू लहानपणी माझ्या खोलीच्या काचेतून तासन्‌तास बघायचीस ना? कडेची वीतभर पट्टी हातात धरून एका रोलरवरून पुढच्यावर चढवत न्यायची, मग तिच्यामागून सगळा कागद रुंद होत येतो. पंचवीस वर्षं तो हे करतोय, डोळे मिटून करेल. पण परवा बुद्धिबळाला बसला तर घोडा हातात घेऊन तसाच पेंगला. मी त्याचा वजीर मारला तरी त्याला पत्ता नाही. उठल्यावर मलाच म्हणतो, "मास्तर, तुमच्या भाचीला विचारा, कागदाला झालंय काय?"

तुझी सभा कशी झाली?

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

सभा फार छान झाली! सरांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. दोन मोठ्या माणसांनी माझा पत्ता मागून घेतला. लेख छापायलाही घेतला आहे. कात्रण पाठवतेय, फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण मीच आहे.

कागद तुटतो त्याची कारणं अनेक असतील. कागदातला ओलावा पिळणारा लोकरीचा पट्टा जुना झाला असेल, किंवा लगद्यात चिंध्या, प्लॅस्टिक येत असेल. सरासरी ठीक आहे ना? मग काळजीचं कारण नाही. मिस्त्रीकाकांना सांगा, मी येईन तेव्हा त्यांना हरवणार.

मुंगी


२८ मे

प्रिय मामा,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. मिलच्या फाटकावरच्या फोनवर दोनदा फोन केला. एकदा कुणी म्हणालं, खोलीत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, येतच नाहीत. बरं नाही का? मामी बरी आहे ना? दोन ओळी तरी टाका. माझा जीव टांगणीला लागलाय.

मुंगी


१५ जून

प्रिय मुंगी,

आम्ही दोघं बरे आहोत. मी ऑक्टोबरपर्यंत थांबलो नाही, आताच निवृत्ती घेतली. डोळे नीट काम देत नव्हते. मिलने पुन्हा जुनी पद्धत धरली आहे, दोन्ही यंत्रं चालू आहेत. तुझं कात्रण मिळालं. फोटो चांगला आहे.

मामा


२६ जून

प्रिय मामा,

डोळ्यांचं इतकं झालं आणि तुम्ही कळवलंही नाही! इथे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांचा पत्ता सोबत दिलाय. माझ्याकडे येऊन राहा. खोली लहान आहे पण मी जमिनीवर झोपेन. मामीलाही आणा.

जुन्या पद्धतीवर गेले हे वाचून मात्र वाईट वाटलं. सहा महिने तरी चालवायला हवं होतं. नव्या गोष्टीला कुणी वेळच देत नाही. मामा, एक काम कराल? मार्च-एप्रिलच्या तुमच्या वहीतल्या पानांची नक्कल मला हवी आहे. पुढच्या लेखात घालायची आहे. प्रत्यक्ष मिलमधले आकडे म्हणजे सोन्याहून पिवळं.

मुंगी


८ जुलै

मुंगी,

मी मामी. हे दुपारी पडले आहेत, तेवढ्यात लिहितेय. माझं अक्षर तुला लागेल की नाही कोण जाणे, पण हे तुला कुणीतरी सांगायला हवं. तुझ्या मामांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

२३ एप्रिलला दुपारच्या पाळीत कागद नऊ वेळा तुटला. नवव्यांदा मिस्त्री शेपूट ओवायला गेला. यंत्राचा वेग आधी कमी करायचा असतो, तो केला नाही म्हणतात. आठ वेळा केला होता. प्रत्येक वेळी वरून निरोप यायचा की वेळ जातोय. पट्टी हातात तुटली, हात पुढे गेला, आणि लोकरीचा पट्टा आणि तापलेला रोलर यांच्यामधे सापडला. ह्यांनी खोलीच्या काचेतून पाहिलं. तुझे मामा धावले, पण यंत्र थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

मग सरकारी चौकशी झाली. कागद कच्चा होता का, असं विचारलं. हे म्हणाले, "सही माझी आहे. आकडे मी नीट पाहिले नाहीत." प्रयोगशाळेकडून लेखी काही सल्ला आला होता का, असंही विचारलं. हे म्हणाले, नाही. मुंगी, तुझं फेब्रुवारीचं पत्र तेव्हा ह्यांच्या खिशात होतं. मी सदरा धुवायला घेतला तेव्हा सापडलं. मिलने ह्यांना घरी बसवलं, फुलांचा गुच्छही दिला नाही. आणि मिस्त्रीच्या नावावर लिहिलं की हलगर्जीपणा त्याचा. पंचवीस वर्षांत ज्याच्या अंगावर ओरखडा नाही, तो आता हलगर्जी. त्यामुळे दुसऱ्या बैठ्या कामावरही घेत नाहीत.

हे रोज चारच्या सुमारास मिस्त्रीच्या दारापर्यंत जातात. त्याची बायको दार उघडत नाही. तसेच परत येतात.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण तू ह्यांच्याकडे वहीची पानं मागितलीस, ते पत्र वाचून हे दिवसभर जेवले नाहीत. म्हणून लिहिलं. ह्यांना कळू देऊ नकोस.

मामी


२२ जुलै

प्रिय मामा,

मामीवर रागावू नका. तिने सांगितलं आणि बरं केलं.

मला जे सांगायचंय ते समोर बसून सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय. तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं, त्याच दुपारी मी माझी वही काढून सुटलेले सांधे मोजले होते. तोवर कधी वेगवेगळे मोजलेच नव्हते. ताज्या लगद्याचे चौऱ्याण्णव सांधे केले, तेवीस सुटले. रद्दीच्या लगद्याचे शहाण्णव केले, पासष्ट सुटले. पासष्ट, मामा. तेच हात, तोच चिमटा, तोच डिंक. हात थरथरला असता तर दोन्हीकडे सारखाच थरथरला असता. मला ते त्याच क्षणी कळलं. वही मिटली. सरांना चित्रं उद्या हवी होती. सभेच्या यादीत नाव छापून झालं होतं. आणि तुम्हाला लिहिलं, तपासलंय, सही करा.

गेल्या आठवड्यात ते सगळे सुटलेले सांधे कच्चे धरून गणित पुन्हा चालवलं. जोर सहा टक्क्यांनी उतरत नाही, एकतीस टक्क्यांनी उतरतो. आणि सगळीकडे सारखा उतरत नाही. कच्चे सांधे कुठेकुठे घोळक्याने येतात, तिथे कागद नुसत्या ओढीने जातो. यंत्रावर तो का तुटत होता याचं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या खणात होतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लेख छापून आलाय, आता पुढच्या लेखात सुधारू, हळूहळू." मी थांबले नाही. मासिकाला चूक कळवली. तुमच्या इथल्या चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं, माझ्या २० फेब्रुवारीच्या पत्राची हकीकतही. तुमच्याकडे लेखी सल्ला होता आणि तो माझा होता, हे त्यात स्पष्ट आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मी तसं राहू देऊ शकत नाही.

मिस्त्रीकाकांना हरवणार असं मी लिहिलं होतं. ते वाक्य डोळ्यांसमोरून जात नाही.

मुंगी


६ ऑगस्ट

मुंगी,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. मला न विचारता कागद पाठवलेस! दोन दिवस मामीशी बोललो नाही. तिने काहीच केलेलं नसल्यासारखं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिला वाचवलंत तेवढं पुरे झालं." तेव्हा मी जो काही बसून राहिलो, तो आज हे लिहायला घेतलंय.

मी तुला वाचवलेलं नाही. मामीला तसं वाटतंय आणि मी वाटू दिलं. घरात माणूस एकदा देव झाला की त्याला कुणी काही विचारत नाही, फार सोय होते.

नवा लगदा सुरू झाल्यावर तीन मार्चला पट्ट्या कापतानाच फाटायला लागल्या. पहिल्या दिवशी दोन. मी शून्यं मांडली. दुसऱ्या दिवशी पाच. पेन हातात घेतलं आणि तुझे शब्द आठवले, 'हाताळण्यातली चूक.' किती सोयीचे शब्द दिले होतेस! मी पात्याला दोष दिला. पातं बदललं. फाटलेली पट्टी टोपलीत टाकली, दुसरी कापली, जी टिकली ती मोजली. पुढे तीच सवय झाली. सात आठवडे एकही शून्य मांडलं नाही. जी रीत मी स्वतः पाडली, जिच्यासाठी एका साहेबाशी भांडलो, ती मी मोडली. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीही नाही. तुझं गणित खरं ठरावं एवढंच वाटत होतं. आपल्या पोरीचं नाव वरच्या मजल्यावरच्या टेबलावर आहे, याची धुंदी होती म्हण.

आणि खालच्या मजल्यावर माझ्या काचेच्या पलीकडे तो माणूस दिवसातून सात-सात वेळा शेपूट ओवत होता. मी बघत होतो.

चौकशीत मी म्हणालो, आकडे नीट पाहिले नाहीत. अर्धंच खरं. नीट पाहिले होते, मांडले नाहीत. ते सांगितलं असतं तर कागद कच्चा होता हे तिथेच सिद्ध झालं असतं आणि हलगर्जीपणा त्याच्या माथी बसला नसता. पण एकतीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्या. त्यातला एक आकडा खोटा आहे असं कुणी म्हणू नये, यासाठी मी गप्प राहिलो. त्याचा हात गेलेला होता, तरी मला माझ्या वह्यांची पडली होती.

तू वही मागितलीस ना? ती देण्याजोगी नाही. म्हणून जेवलो नव्हतो.

मामा


१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून खिडकीत उभी राहिले. लहानपणापासून मला वाटायचं, सगळं जग चुकलं तरी तुमची वही चुकणार नाही. मी तपासलं नाही तेव्हाही मनात कुठेतरी हेच असेल, की मामा आहेत, मामांना दिसेल. तुम्हाला वाटलं, मुंगी आहे, तिने पाहिलं असेल. आणि मिस्त्रीकाका दोघांच्या भरवशावर.

तुमचं हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. माझं मी कळवलं, तुमचं तुम्ही कळवायचं. मी तुमच्या वतीने एक ओळही लिहिणार नाही. पण अधिकाऱ्यांचं उत्तर आलंय. चौकशी पुन्हा उघडतायत, १४ ऑक्टोबरला, मला बोलावलंय. तुम्हालाही पत्र येईल.

इकडचं सांगायचं तर, सरांनी मला या कामावरून काढलं. मासिकाने चूकदुरुस्तीची नोंद छापली, पाच ओळी, अगदी शेवटच्या पानावर. यंत्राची खोली आता दुसऱ्या मुलीकडे आहे. मी तळमजल्यावर दुसऱ्यांचे नमुने नोंदवते. काल ती मुलगी विचारायला आली, सुटलेले सांधे लिहायचे का. मी हो म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं आणि गेली. लिहील की नाही, ठाऊक नाही.

१३ तारखेला येतेय. बसथांब्यावर घ्यायला येऊ नका. मी येईन घरी.

मुंगी


२१ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

निकाल परवा आला. तुला टपालाने येईलच, पण आधी माझ्याकडून कळावं.

तू त्या दिवशी बाहेर बाकावर बसली होतीस. तुझं सांगून झाल्यावर तुला बाहेर पाठवलं, म्हणून आतलं तुला माहीत नाही. आणि परत येताना बस येईपर्यंत आपण दोघं रस्त्याकडे बघत राहिलो. तर आता सांगतो. मी वही टेबलावर ठेवली. अधिकारी म्हणाले, "यात तर सगळं व्यवस्थित आहे." मी म्हटलं, "म्हणूनच आणली. चार मार्चपासून पुढे बघा, एकही शून्य नाही. त्याआधी दर आठवड्याला एखादं तरी सापडेल." त्यांनी विचारलं, किती पट्ट्या फेकल्या? मी म्हटलं, मोजल्या नाहीत. साहेब छताकडे बघत होते. मिस्त्री कोपऱ्यातल्या खुर्चीत होता, उजवी बाही पिनेने वर टाचलेली. सहा महिन्यांत त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

निकालात लिहिलंय की कागद चालवण्यालायक नव्हता, तपासणीत ते लपवलं गेलं, आणि वेग कमी न करण्याचा दबाव वरून होता. माझ्याबद्दल जे लिहिलंय ते तू वाचशीलच. ते बरोबर आहे. आणि लिहिलंय की अपघातास कामगाराचा हलगर्जीपणा कारणीभूत नव्हता. त्याला गोदामाच्या नोंदीच्या कामावर घ्यायचा हुकूमही आहे. डाव्या हाताने लिहायला शिकतोय म्हणे.

काल चार वाजता गेलो. या वेळी त्याच्या बायकोने दार उघडलं. बसा म्हणाली नाही, पण बाजूला झाली. तो खिडकीजवळ बसला होता. मी उभ्याउभ्याच निकाल वाचून दाखवला. हलगर्जीपणाचं वाक्य आलं तेव्हा म्हणाला, "परत वाचा." परत वाचलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. तो म्हणाला, "परत." तिसऱ्यांदा वाचलं. मग मी कागद घडी करून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हटलं, "मला माफ कर असं म्हणायला आलेलो नाही." तो म्हणाला, "बरं केलंत. मास्तर, तुम्ही दोघं येऊन खरं सांगून गेलात. मोकळे झालात. मी कुणाला काय सांगून मोकळा होऊ?" याचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर कळव, माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी.

मी वळलो. तो उठला, माझ्यामागून दारापर्यंत आला, डाव्या हाताने कडी काढायला त्याला जरा वेळ लागला. मी हात पुढे केला नाही. दार उघडून धरलं आणि म्हणाला, "या."

एवढंच. निघा म्हणून म्हणाला की पुन्हा या म्हणून, ते मला कळलं नाही. जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत चाललो. घरी येऊन मामीला विचारलं. ती म्हणाली, "ते इथे बसून कसं कळणार? जाऊन बघा."

आज चार वाजून गेले. अजून गेलेलो नाही.

तुझा मामा